कार्डाचं दुसरं तोंड

राबियाचा निकाह उद्यावर आलेला आणि तिची थोरली बहीण मुबीना जानेफळच्या घरात मेंदीचे हात सांभाळत लॅपटॉपपुढे बसलेली. पुण्यातल्या तिच्या कंपनीत कपाटाएवढा मेनफ्रेम संगणक होता. त्याचे हिस्से पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. त्यातल्या एकावर तिला घरबसल्या लिनक्स ही संगणकप्रणाली चढवायची होती. चंद्रशेखर साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "दुपारपर्यंत जमलं नाही, तर संध्याकाळच्या गाडीनं निघा." म्हणजे सख्ख्या बहिणीचा निकाह हुकणार.

घोडं अडलं नेटवर्कपाशी. नेटवर्क कार्डाला तीन नंबर असतात, ते तिनं मशीनरूमच्या वायरींच्या नकाशाशी ताडून पाहिले. कार्ड चालू, पत्ता बरोबर, पण हाक मारली की पलीकडून ओ नाही. सगळं पुसून चौथ्यांदा केलं, तरी येरे माझ्या मागल्या. रडकुंडीला येऊन तिनं मशीनरूममध्ये वायरी ओढणाऱ्या पंजाबरावांना फोन लावला.

पंजाबराव तिच्याच भागातल्या सुलतानपूरचे. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक पुडी यायची. अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून ती शेताच्या कडेनं पेरायची असते. गाव ती पुडी फेकून देई. हे एकटे पेरत, आणि गाव त्यांनाच हसे. पुढे गुलाबी बोंडअळी आली ती पेरणारा-फेकणारा पाहून आली नाही. दोन वर्षं उभी कपाशी मोडावी लागली, तेव्हा त्यांनी पुणं गाठलं. स्वभाव तोच राहिला. एक वायर हलवली तरी वहीत नोंद.

"काका, कार्ड दिसून राह्यलं, पण पलीकडून कोणीच बोलत नाही."

"नकाशात वायर कोठी दाखोली?"

"पह्यल्या तोंडात."

पानं चाळल्याचा आवाज आला. "पोरी, त्या कार्डाले दोन तोंडं हायेत. पह्यल्याची खीळ तुटली, म्हून दिवाळीत म्या वायर दुसऱ्यात लावली. चिठ्ठी देल्ली होती साहेबाले."

चिठ्ठी अर्थातच कोणी वाचली नव्हती. तोंडाला यंत्राच्या भाषेत पोर्ट म्हणतात; मुबीनानं पोर्ट दोन लिहिला, यंत्रानं नाकारला. मग तिला आठवलं, हे बेटं शून्यापासून मोजतं. एक लिहिला आणि पलीकडून ओ आली. लिनक्स चढू लागलं. तिला आनंदानं रडूच फुटलं.

साहेब खूश. "शाबास! सापडलं कसं?"

"पंजाबरावांनी सांगितलं."

"कोण पंजाबराव?"

चार वर्षं तो माणूस रोज यांच्या दारावरून जात होता! मुबीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, 'बिघाड श्री. पंजाबराव किसन इंगळे यांनी शोधला', आणि सगळ्या ऑफिसला धाडला.

दुसऱ्या दिवशी निकाहाच्या गडबडीत पंजाबरावांचा फोन आला.

"पोरी, आजवर माह्यं नाव कागदावर येये ते नुकसानीच्या पंचनाम्यातच. काऊन लेहिलं व येवढं?"

शेजारी राबिया नवरीच्या ओढणीत बसली होती.

"मी माह्या बहिणीजवळ बसली हाये, काका. म्हून लेहिलं."