नानांच्या मोगऱ्याला घातलेलं पाणी

फाल्गुनात नाना घराबाहेर पडत ते खांद्यावर शाल आणि हातात छत्री घेऊन. शिरगावातल्या आमच्या इमारतीतली पोरं हसत. नाना म्हणत, "या दिवसांचा काय भरवसा रं? सकाली गारठा, दुपारी चटका, सांजला आभाल. सून परवरली, पन ही हवा नाय."

आतून सून म्हणे, "ऐकू येतंय हां, नाना."

नाना मूळचे चामटोलीचे शेतकरी. जमीन गेल्यावर मुलाबरोबर इथे तळमजल्यावर राहायला आले. शेतीची हौस ते कुंपणाच्या भिंतीलगत भागवत. रंगाचे रिकामे डबे, अर्धी कापलेली पिंपं, त्यांत बोगनवेल, सोनचाफा आणि दहा मोगरे. कोपऱ्यातला शेवगाही त्यांनीच लावलेला. तो पांढऱ्या फुलांनी भरला की येणारे-जाणारे थांबून बघत.

मी वरच्या मजल्यावर. माझ्या गॅलरीत उल्हासनगरहून आणलेल्या नक्षीच्या कुंड्या, त्यांत तीन मोगरे. रोज पाणी, विकतचं खत, आणि फुलं वर्षाला मूठभर. चैत्रात बायको खाली जाऊन नानांच्या मोगऱ्याची ओंजळ आणून देवापुढे ठेवी. घरभर वास सुटला की मी खिडक्या उघडून "गरम होतंय" म्हणे. गरम होत नसे. अंबरनाथच्या कारखान्यात तीस माणसांवर देखरेख करणारा मी एका म्हाताऱ्याच्या फुलांवर जळत होतो.

एकदा बायकोच्या आग्रहाने नानांना फुलांचं गुपित विचारलं. नाना म्हणाले, "तू लाड करतोस. रोज पानी मिललं का झार आलशी होतं, नुसती पानं काढतं. माघात पानी तोर त्याचं. मराया टेकलं का मंग त्याला फूल सुचतं. याला ताण देनं म्हनतात." मी मान हलवली आणि काही केलं नाही. त्यांचं ऐकून फुलं आली असती, तर तीही त्यांचीच ठरली असती.

त्या वर्षी त्यांच्या लेकीच्या मुलीचं, मनालीचं, लग्न ठरलं होतं. ती अंबरनाथला राहायची. "हलदीला नि लग्नाला गजरं इकत नाय आनायचं. मनालीच्या डोक्यात आज्याचाच मोगरा," असं नानांनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं. माघ संपता संपता त्यांनी पाणी तोडलं. मोगऱ्यांनी माना टाकल्या. तेवढ्यात चामटोलीला भाऊ आजारी पडला आणि नानांना आठ दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी मलाच बोलावलं. "ध्यान ठेव. कोनाला दया येल नि पानी घालील. घालू देऊ नको."

मीच घातलं. आठही दिवस, पहाटे कोणी उठायच्या आत, दहाही पिंपांत भरभरून.

नाना परतले तेव्हा झाडांना कोवळी पालवी फुटली होती. त्या आठवड्यात आभाळ दोनदा भरून आलं होतं, पण थेंब पडला नव्हता. नानांनी मातीत बोट घातलं. "पाऊस परला का रं?"

"हो नाना. दोनदा, पहाटेचा. चांगला झाला."

त्यांनी एक पान तोडलं, अंगठ्याने पुसलं, लुंगीला हात पुसला आणि आत गेले.

लग्नापर्यंत मोगरे पानांनी गच्च झाले. कळी एक नाही. गजरे कल्याणच्या बाजारातून आले. हळदीच्या मांडवात मनालीने विचारलं, "आजोबा, आपला मोगरा?" मी समोरच्या पंगतीत होतो. नाना म्हणाले, "हवेनं घात केला गं बाय. अवकाली परला. इचार यांना, यांनी बघितला." मी मान डोलावली. मला वाईट वाटायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

वाईट वाटायला लागलं ते नंतर, आणि थांबलं नाही. पुढच्या हिवाळ्यात नाना अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी सांगितलं, "नाना, पाऊस नव्हता पडला. पाणी मी घातलं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "समोर टावर बांधतान. पानांवर धुलीचा थर होता. पाऊस परला असता तं पानं धुवून निघाली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"चार मानसांत बोललो असतो तं तू घर इकून गेला असतास." त्यांनी पांघरूण वर ओढलं. "पन नातीशी मी खोटं बोललो. तुज्यापायी. ते जिवाला लागलंय. तू सांग तिला खरं."

"सांगतो," मी म्हणालो. होळीच्या चार दिवस आधी नाना गेले.

मनाली आता शिरगावातच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे. परवा भाजीच्या गाडीपाशी भेटली, कडेवर लेक. सकाळी धुकं होतं, आणि आता आभाळ भरून आलं होतं. वर बघत ती म्हणाली, "काका, माझ्या लग्नाच्या वर्षी असंच झालं होतं ना? आजोबा म्हणायचे, तो पाऊस तुम्ही एकट्यानेच पाहिला."

मी हो म्हणालो.