चंदेरी शर्ट आणि मागचा आवाज

आमचा बँड आपोआप मोडला नाही. तो मी मोडला. हे मी कुणालाच, बायकोलासुद्धा, कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा टीव्हीवर पोरांच्या बँडचं वेड आलं होतं. एकसारखे कपडे, मधोमध भांग, छातीवरचा हात हळूहळू आभाळाकडे. आमच्या केज गावात बँड म्हणजे वरातीचा. तरी आम्ही चौघांनी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तसला बँड काढला. टेलरनं पडद्याच्या चंदेरी कापडाचे शर्ट शिवले. "पोरं झाकायचेत का खिडक्या, बे?" म्हणाला.

मी दिसायला बरा, म्हणून पुढं. मागच्या कोपऱ्यात माझा मित्र, मेंढपाळाच्या घरचा. गायचा तो एकटाच. आम्ही तिघं ओठ हलवायचो. त्याचा आवाज माझ्या पाठीतून शिरून माझ्याच तोंडातून बाहेर पडतोय असं वाटायचं. पोरी माझ्याकडं बघायच्या. अजूनही दुपारी डोळा लागला की तो आवाज पाठीशी येऊन उभा राहतो.

गॅदरिंगनंतर गणपतीची मंडळं झाली, नवरात्र झालं. पाटोद्याच्या एका कार्यक्रमात गाण्यांच्या कॅसेट काढणारा पुण्याचा माणूस भेटला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मागच्या पोराला पुढच्या आठवड्यात पुण्याला आणा. तो असेल तर तुम्हा सगळ्यांना घेतो."

मित्र तेव्हा मेंढरं घेऊन रानात गेलता. निरोप द्यायला मी गेलो. ज्वारी काढलेल्या रानात ऊन सांडलं होतं. मेंढरं ढगासारखी सरकत होती आणि त्यांच्यामागून त्याचं गाणं येत होतं. मी बांधावर बसून ऐकत राहिलो. वाटलं, हा पुढं आला तर मी कुठं उभा राहू?

त्यानं भाकर काढली. अर्धी मला दिली.

"काय म्हणला पुण्याचा?"

"तुझा आवाज चालत न्हाई म्हणला. लई रांगडा हाय."

तो भाकर चावत राहिला. मग हसला. "ऱ्हाऊ दे. मेंढरांना चालतो."

पुण्यात मी त्या माणसाला सांगितलं, मित्रच यायला नाही म्हणाला. मग आम्हा तिघांना गायला लावलं. कडवं संपायच्या आत त्या माणसानं चहा मागवला. आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

पुढं ते वेडच ओसरलं. टीव्हीवरचे बँडही फुटले. कॅसेटच्या दुकानात मोबाईल दुरुस्ती आली. चंदेरी शर्टानं आईनं शिलाई मशीन झाकलं. मित्र मेंढरांमागं राहिला. बाजारात भेटायचा, पण गाताना कधी दिसला नाही.

आता ते जुने बँड परत आलेत, पोटं सुटलेली, तीच गाणी घेऊन. ते बघून आमच्या बॅचनंही यंदाच्या स्नेहमेळाव्यात आम्हा चौघांना उभं केलं. मित्र पटका बांधून आला.

"आवाज ऱ्हायला का रे?" एकानं विचारलं.

"रांगडा होता, आता पार खडबडीत झालाय," तो म्हणाला. माझा शब्द त्यानं इतकी वर्षं जपला होता.

सवयीनं तो मागच्या कोपऱ्यात गेला, मी पुढं. त्यानं सुरुवात केली आणि मंगल कार्यालय, खुर्च्या, पंखे सगळं विरघळून ते पिवळं रान पसरलं. माझे ओठ हलेचनात. मी वळून त्याच्याकडं बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं, मी स्टेप विसरलो.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "कावून बघत होतास बे माझ्याकडं?"

"असंच," म्हणालो.

पुण्याच्या माणसाला खरा तोच हवा होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी त्याचं देणं लागतो.