टाकीतला चिंचोका

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझ्या बाकीच्या उचापती ठाऊक आहेत. धडधाकट मिक्सर मी खोलून बसलो होतो, मुलीचं घड्याळ जोडल्यावर एक स्क्रू उरला होता, हे ती पाहुण्यांना हसून सांगते. ट्रॅक्टरच्या टाकीचं मात्र तिला माहीत नाही. तेव्हा ती घरात यायची होती — आणि आल्यावर मी सांगितलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळलेलं नाही.

माझी एक खोड आहे. झाकण दिसलं की उघडायचं. आत काय असेल, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. इनामगावला जुन्या काळच्या माणसांची खापरं, चुली सापडल्या, त्या शेतांतून मी उगीच भटकून यायचो. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "ह्याला मेलेल्यांच्या चुलीत बी डोकवायचं आस्तंय." खोटं नव्हतं ते.

आमच्याकडे एक जुना ट्रॅक्टर होता आणि तो भिवादा चालवायचा. धनगराच्या घरचा माणूस. त्याच्या वडिलांनी मेंढरं विकून जमीन धरली, आणि ह्याचा जीव यंत्रात अडकला. माझ्याहून थोरला, म्हणून दादा. रोज सकाळी ट्रॅक्टरवर चढण्याआधी बॉनेटला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. मी हसायचो, तोही हसायचा, पण चुकवायचा नाही.

ट्रॅक्टरची डिझेलची टाकी आतून गंजली होती. फिल्टर सारखा लाल गाळानं भरायचा आणि इंजिन आचके द्यायचं. भिवादाचं म्हणणं, टाकी उतरवून शिरूरच्या मिस्त्रीकडे द्यावी. तो आत खडी घालून खळबळून साफ करील. आबा म्हणायचे, पेरणी होऊ दे. आणि मी? मी बॅटरीचा उजेड पाडून टाकीत बघत बसायचो. लाल पापुद्रे, त्याखाली काळे, मध्येच एखादी चकचकीत जागा. खरं सांगतो, मला ते बघायला आवडायचं.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीच्या आधी आई आणि चुलती अंगणात पितळेची भांडी चिंचेनं घासत होत्या. काळा पडलेला हंडा माझ्या डोळ्यांदेखत पिवळाधमक झाला. आणि डोक्यात आलं — चिंच पितळ उजळते, तर टाकीचा गंज का नाही काढणार? वाईट विचार होता का हा? मला अजूनही तसं वाटत नाही. वाईट ते पुढं आहे.

भिवादा त्या दिवशी बहिणीकडे गेला होता, आबा बाजाराला. मी टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढून घेतलं. बादलीभर पाण्यात चिंच कोळली आणि टाकीत ओतली. टाकीच्या तोंडाची जाळी फाटकीच होती, त्यामुळे चोथाही निम्मा आत गेला. दुपारभर तसंच ठेवलं. अधूनमधून ट्रॅक्टरला ढकलून हिसके देत होतो. संध्याकाळी तळाचा नट सोडला, तर तांबडंलाल पाणी! मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं. पण ठरवलं, आधी आचके थांबू देत, मग सगळ्यांसमोर सांगू. डिझेल परत भरलं. टाकी वाळवावी लागते, एका कोपऱ्यात पाणी साचून राहतं — हे मला सुचलंच नाही.

खंडेनवमीला भिवादानं ट्रॅक्टर धुतला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दसऱ्यानंतर ज्वारीच्या पेरणीला वाफसा आला. पहिल्याच वावरात ट्रॅक्टर बंद पडला. मिस्त्री आला, त्यानं पंप जाम झाल्याचं सांगितलं आणि फिल्टरमधून निघालेलं पाणी ओंजळीत धरून दाखवलं.

आबा भिवादाकडे वळले. "डिझेल इकलंस आन् पाणी भरलंस व्हय रं?"

"खंडोबाची आण, आबा. न्हाई."

भिवादा म्हणाला. मग टाकीकडे बघत राहिला.

मी हातभर अंतरावर उभा होतो. आबांचा धाक होता, नाही असं नाही. पण भीती वाटली म्हणून गप्प बसलो, असं म्हटलं तर ते निम्मंच खरं. खरं असं की — मला बघायचं होतं. खोटा आळ आलेला माणूस आता काय करतो? रडतो? भांडतो? की शोधून काढतो? टाकीत बघावं तसा मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्याच माणसाच्या. ह्याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी गप्प बसण्याचीही वाटत नाही.

टाकी उतरवायला मीच हात लावला. मिस्त्री पाना आणायला गेला, तेवढ्यात मी ती उपडी केली. गढूळ पाणी आलं, गंजाचे पापुद्रे आले, आणि शेवटी एक चिंचोका ढेकळात पडला. काळाभोर, ओला. तो नुसता वर धरला असता तरी पुरलं असतं, मला तोंड उघडायचीही गरज नव्हती. भिवादा बांधावर पाठमोरा बसला होता. मी चिंचोका उचलला आणि खिशात टाकला.

संध्याकाळी भिवादानं ट्रॅक्टरची किल्ली आईच्या हातात दिली आणि तो गेला. उद्या सांगू, म्हणत म्हणत माझे दिवस गेले. आबा वारले ते भिवादाला चोर समजूनच वारले.

बऱ्याच वर्षांनी दौंडकडे एका लग्नात तो भेटला. केस पिकले होते. कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, गोण्या उचलायच्या कामावर. मी विचारलं, गाडी का चालवत नाहीस? त्याला म्हणे साहेबांनी विचारलं होतं, ह्यानंच नको म्हटलं. माझ्या मनात कितीतरी वर्षं एकच प्रश्न होता — ह्याला काय वाटत असेल? माझा संशय आला असेल का? तर त्यानं आपण होऊन विषय काढला.

"आबांवर राग न्हाई माझा, सुभाष. डिझेल म्या इकलं न्हाई, पर पाणी तर निघालं ना? लई इचार केला. खंडेनवमीला धुताना झाकण माझ्याच हातनं ढिलं राहिलं आसंल. तुमची पेरणी माझ्यापायी खोळंबली. तवाच ठरिवलं, आता यंत्राला हात लावायचा न्हाई."

मला उत्तर मिळालं. इतकी वर्षं तो शोधत राहिला होता, आणि शोधून शोधून त्याला स्वतःचाच हात सापडला होता.

"आता कोण चालवतंय ट्रॅक्टर?" त्यानं विचारलं.

"मीच."

"धुताना झाकण बघत जा बाबा."

"बघतो," मी म्हणालो.

तेवढ्यात पंगत बसायला लागली. त्यानं शेजारची जागा माझ्यासाठी धरली. मी तिथं बसलो, आणि पोटभर जेवलो.