वटवाघळाचा लहू

मनोरीत लहूची ओळख कुणी बापाच्या नावानं करून देत नसे. त्यानं ज्याला मारलं त्याच्या नावानं करून देत. काशीराम तांडेलाचे दोन दात पाडले तो लहू. रॉकेलवाल्याचा कान चावला तो लहू. काशीरामानं भर समुद्रात त्याला लाथ घातली होती हे खरं, पण होडीवर तांडेलाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, आणि देवाला कुणी वल्ह्यानं हाणत नाही. लहूनं हाणलं. त्यानंतर मनोरीपासून वर्सोव्यापर्यंत एकाही होडीनं त्याला पाय ठेवू दिला नाही.

मग शहाऐंशी साली दहिसरच्या खाडीकडेला झंकार गार्डन उघडलं, आणि तिथल्या नव्या रोलर कोस्टरचं लोकांनी आठवड्याभरात 'वटवाघूळ' करून टाकलं. नाव चपखल होतं. त्याचे डबे रुळावर बसलेले नव्हते, रुळाखाली टांगलेले होते. पाय अधांतरी. वळण आलं की डबे असे बाहेर फेकले जायचे, की पोटातली कांदाभजी पुन्हा दातांना भेटायला यायची. चार डबे, आठ माणसं, एक ब्रेक. ब्रेकवर लहू.

ही नोकरी त्याच्या बायकोनं, सगुणानं, पापलेटांवर मिळवली. गार्डनच्या मॅनेजरची बायको दहिसरच्या बाजारात तिच्याकडूनच मासळी घ्यायची. मॅनेजर जयवंतसाहेब म्हणजे अनुस्वारासकट बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "हे पाहा लहू, इथे हात हा अवयव फक्त ब्रेक ओढण्यासाठी आहे. तो कोणावर उगारलात, तर त्याच दिवशी आपला रामराम. समजलं?"

"समजलं, सायब."

सगुणाचं सांगणं याहून आखूड होतं. "ही नोकरी गेली ना, तर तुना गाढव पन कामाला ठेवनार नाय."

लहूनं आठ महिने कुणाला बोट लावलं नाही. रोज सकाळी माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या बसवून वटवाघूळ एकदा फिरवून बघायचे. त्या गोण्या बसवण्याआधी लहू त्यांना मनसोक्त बुकलून काढायचा. एकीचं नाव काशीराम होतं. ती महिन्याला फाटायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी जयवंतसाहेबांना ठाऊक नव्हती. लहू माणसांचे पट्टे आवळत नसे. दोन भोकं सैल ठेवायचा. आळस म्हणून नव्हे. त्याच्या बापानं एका वादळात वाहून जायच्या भीतीनं स्वतःला डोलकाठीला दोरानं बांधून घेतलं होतं. होडी उलटली. खलाशी पोहत आले, बाप होडीबरोबर खाली गेला. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा फुगून दुप्पट झाला होता आणि गाठ जशीच्या तशी होती. तेव्हापासून लहूच्या घरात एकच कायदा: जित्या मानसाला बांधायचा नाय. वटवाघळाच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण लहूला बापासारखा दिसायचा, आणि लहू मायेनं पट्टा ढिला करायचा.

एका रविवारी दुपारी कुंडलिकदादा आला. चेक नाक्यामागच्या चाळी त्याच्या, असं तो स्वतःच सांगायचा. सोबत दोन चमचे. रांग मोडून तिघं पुढे घुसले. एका बाईची चप्पल तुटली, तिच्या नवऱ्याला ढोपर बसलं.

"ए मच्छी! पुढची सीट खोल."

"रांगेतशी या, दादा."

कुंडलिकनं सण्णकन कानाखाली वाजवली. लहूच्या उजव्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या उठल्या. त्यानं तो हात डाव्या हातानं धरला, खाली आणला आणि पट्टा बांधायला घेतला.

"बघितलं का रे? देवमासा म्हणे! शेंगटी निघाली, शेंगटी!" कुंडलिक चमच्यांना म्हणाला आणि लहूच्या सदऱ्यावर पानाची पिंक टाकली.

लहूनं पट्टा लावला. नेहमीसारखाच, दोन भोकं सैल.

चमचे खालीच थांबले आणि वटवाघूळ सुटलं. पहिलं वळण, दुसरं वळण. शेवटच्या वळणावर डबे आडवे झाले आणि कुंडलिकला मर्दानगीचा झटका आला. त्यानं दोन्ही हात सोडले आणि ढुंगण उचललं. "हुर्र..." एवढंच ऐकू आलं. माणूस खुर्चीतून साबणासारखा निसटला. एक गुडघा तेवढा पट्ट्यात अडकला.

लहूनं अंगाचा भार टाकून ब्रेक ओढला. करकरत गाडी थांबली ती जमिनीपासून दोन माळे वर. मागच्या डब्यातली माणसं एकमेकांना धरून किंचाळत होती. पुढे कुंडलिकदादा उलटा लोंबत होता, लुंगी तोंडावर, आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

"आई गं! वाचवा! ए भाऊ! ए कोळीदादा!"

खांबाला लोखंडी पायऱ्या होत्या. लहू डोलकाठी चढावी तसा वर गेला, एका हातानं रूळ धरला आणि दुसऱ्यानं कुंडलिकची कंबर पकडून त्याला सुलटं ओढलं. कुंडलिकनं काय करावं? बुडणारा करतो तेच केलं. दोन्ही हातांनी लहूचा गळा आवळला. नखं कातडीत रुतली, लहूचे डोळे बाहेर आले, रुळावरची बोटं सुटायला लागली.

"सोर रं! सोर, दोघं मरू!"

सोडतोय कुठला! समुद्रात याला एकच औषध असतं. लहूनं कुंडलिकची कंबर दोन मांड्यांत दाबली आणि मोकळ्या झालेल्या हातानं एक ठेवून दिली. नाकाचं हाड कट्टदिशी वाजलं. दुसरी जबड्यावर. पकड ढिली पडली. तिसरीची गरज नव्हती. तिसरी लहूनं स्वतःसाठी मारली.

मग गुडघा पट्ट्यातून सोडवून त्या बेशुद्ध धुडाला जाळ्यासारखं खांद्यावर टाकून तो खाली उतरला. दोघांचं रक्त एकत्र गळत होतं.

चमच्यांना तोवर कंठ फुटला. "मुद्दाम पाडला! दादानं थप्पड मारली म्हणून पट्टा ढिला ठेवला!" एकानं लहूच्या बरगडीत लाथ घातली, दुसऱ्यानं केस ओढले. लहूनं मार खाल्ला. नाक्यावरचा हवालदार धावत आला. "खुनाचा प्रयत्न, काय? चल."

"नाय, सायब," लहू धापा टाकत म्हणाला. "मागच्या लोकांचे पट्टे बघा."

गाडी हळूहळू फलाटावर आणली. गोंधळ ऐकून आलेल्या जयवंतसाहेबांनी एका गृहस्थाचं पोट आणि पट्टा यांच्यामध्ये मूठ घातली. आरपार गेली. शेजारच्या बाईकडे पाहिलं, तिथंही तेवढीच जागा. आठही जागा तशाच.

"लहू, हे आजच केलंत?"

"रोज."

"आठ महिने?"

"आठ महिने."

हवालदारानं दंडुका काखेत घातला. यात वैर दिसत नव्हतं, त्याहून वाईट काहीतरी होतं. जयवंतसाहेबांचं तोंड पांढरं पडलं. अनुस्वार गळाले, चष्मा घसरला, आणि "अरे हरामखोरा!" म्हणत त्यांनी लहूच्या मुस्काटात हाणली. "लेकरं बसतात रे त्यात! माझी पोरगी बसलीये!"

ही थप्पड लहूला लागली. त्यानं ब्रेकची चावी त्यांच्या हातात ठेवली.

बाजारात सगुणा सुरमई कापत होती. त्याचा गळा, सदरा, मुठी तिनं एका नजरेत पाहिल्या.

"कुनाला?"

त्यानं सगळं सांगितलं. पट्ट्यांचंही. शेवटी म्हणाला, "मना वाटलं, मोकला असला की मानूस वाचतो."

"पान्यात रं, पान्यात!" सगुणा किंचाळली. "ती मानसं हवेत होती!" आणि अख्खा बांगडा त्याच्या थोबाडावर फेकून मारला. मग दुसरा. मग हात थांबला, कारण गिऱ्हाईक बघत होतं.

"उबा काय ऱ्हायलास? बरफ फोर."

समोर बर्फाची लादी होती, शेजारी टोचा पडला होता. लहूनं टोचा घेतला नाही, मूठ वळली.