कॉफी दळण्याचा आवाज

नाझनं येताना मुशैरिबच्या बाजारातून संत्र्याच्या फुलांचं अत्तरपाणी आणलं. ही रत्नागिरीकरांची मुलगी माझीच विद्यार्थिनी. इथं आखातात, अल दुहैलमधल्या माझ्या घरी माझी मुलाखत घ्यायला आली होती. दोन थेंब कॉफीत पडले आणि मी मनानं ट्युनिसला पोचले.

तेव्हा तिथं क्रांती होऊन फार दिवस झाले नव्हते. मी संशोधनासाठी लोकांचं बोलणं रेकॉर्ड करत घरोघर फिरत होते. लतीफाबाईंच्या निळ्या खिडकीतून समुद्रावरचं ऊन आत येऊन ओट्यावर पसरलं होतं आणि कॉफीत हाच वास तरंगत होता. नव्या सरकारविषयी विचारताच त्या हसल्या आणि त्यांनी कॉफी दळायचं यंत्र सुरू केलं. ओठ हलत राहिले, शब्द घरघरीत विरले. माझं रेकॉर्डिंग वाया चाललं होतं.

“आता कशाची भीती? आता तर सगळं मोकळं आहे ना?” मी चिडून ओरडले.

त्यांनी यंत्र थांबवलं. “मोकळंच आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण भिंती जुन्याच आहेत.”

तेव्हा मला त्या भित्र्या वाटल्या होत्या.

नाझनं रेकॉर्डर सुरू केला. “मॅम, इंडियात आता लोक मोकळं बोलतात?”

“बोलतात की,” म्हणत मी उठले, मिक्सरच्या भांड्यात खोबरं घातलं आणि बटण दाबलं.