दुसरी जोडी

ऑपल ड्रिस्कॉलला तुम्ही पडद्यावर कधीच पाहिलं नसेल. पण तिच्यासाठी लावलेल्या उजेडात तुम्ही हसला-रडला असाल. हिरॉइनवर प्रकाश नीट बसवायचा तर तिच्या जागी कुणाला तरी तासन्‌तास उभं राहावं लागतं. बाई तोवर आपल्या खोलीत पाय वर करून कॉफी पितात. ती उभी राहणारी म्हणजे ऑपल. उंची तीच, केसांचा रंग तोच, खांदे तर बाईंपेक्षा बरे. नेब्रास्कातल्या जत्रेत सुंदरीचं बक्षीस मिळवून पोरगी हॉलिवूडला आली ती चेहरा दाखवायला, आणि नशीब बघा, कामाला आले खांदे.

मी रोस्को. स्टुडिओच्या छताखालच्या फळ्यांवर बसून दिवे सांभाळायचो. वरून सगळ्यांची टक्कलं दिसतात, त्यामुळे मला कुणाचं फारसं कौतुक नाही. ऑपलचं मात्र होतं.

हिरोच्या जागी उभा राहायचा तिचा नवरा, वेंडेल. त्यांचं जमलंच मुळी जमिनीवरच्या खडूच्या खुणांवर. "दुसरी जोडी!" अशी हाक आली की दोघं हिरो-हिरॉइनचे कपडे चढवून समोरासमोर येऊन उभी राहायची. आम्ही चंद्र लावायचो, खिडकीबाहेर खोटी संध्याकाळ करायचो, धुळीचे कण उजेडात हळूहळू तरंगत राहायचे, आणि ही दोघं न बोलता, न हलता एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी. मलाही वर बसल्या बसल्या गुंगी यायची, आपण कुठल्या साली आहोत तेही आठवायचं नाही. मग "पहिली जोडी!" अशी आरोळी आली की दोघं बाजूला. खरं सांगतो, मला पहिल्या जोडीपेक्षा हीच बघवायची.

पण दुरून डोंगर साजरे. लग्नाला सात वर्षं झाली आणि ऑपलनं कोर्ट गाठलं. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, बाटली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "रोस्को, तू आपले दिवे बघ."

आमच्या कॅलिफोर्नियात घटस्फोट एका दमात मिळत नाही. कोर्ट आधी अर्धा देतं आणि वर्षभर थांबा म्हणतं. वर्ष सरलं की जाऊन उरलेला अर्धा मागायचा. वेगळ्या खोलीत राहून तिचं वर्ष त्या आठवड्यात सरत होतं. शनिवारी सकाळी कोर्ट, दुपारी ओमाहाची गाडी, मग कायमचं बहिणीकडे. कोर्टात मीच तिला माझ्या मोटारीतून नेणार होतो, आणि मला ते मुळीच पसंत नव्हतं.

त्यात आमचं चालू चित्र कोणतं, तर घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याची धमाल! नवरा-बायको बशा फेकतात, लोकांनी पोट धरून हसायचं. प्रसंग असा, की बायको बॅग घेऊन निघालीय आणि नवऱ्यानं स्वयंपाकघराचं दार अडवलंय. दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर. बाईंच्या टोपीची सावली नेमकी नाकावर पडत होती, म्हणून दुसरी जोडी बराच वेळ तशीच उभी होती.

"शनिवारी जाणार?" वेंडेल ओठ न हलवता पुटपुटला.

"जाणार."

"टोपी छान दिसतेय."

"टोपी तिची आहे, गाढवा!" ऑपल फुटलीच. "इथं दिवसभर माझ्याकडे बघतोस, कारण त्याचा पगार मिळतो. घरी आलास की रेडिओकडे तोंड असायचं! सात वर्षं मी त्या रेडिओची सवत होऊन राहिले, वेंडेल!"

आमच्या डायरेक्टरसाहेबांना एक खोड होती. लिहिलेलं बाजूला ठेवायचे आणि सेटवर कुणाच्याही तोंडून बरं वाक्य निघालं की चित्रात घालायचे. ड्रायव्हरचं, शिंप्याचं, कुणाचंही. ज्याचं घेतलं तो महिनाभर ताठ मानेनं फिरायचा. साहेब खुर्चीतून उठलेच.

"वा! हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं नाही साहेब, भोगलं," ऑपल म्हणाली.

साहेबांच्या कानांना फक्त वाक्य लागलं होतं. त्यांनी पहिली जोडी बोलावली. बाईंनी ते वाक्य पाठ करून असं गोड म्हटलं की सगळा सेट खिदळला. ऑपल अंधारात एका दिव्याच्या खांबाला धरून उभी होती. आपलं दुःख दुसरीच्या तोंडून ऐकायचं आणि वर लोकांचं हसूही ऐकायचं! माझा जीव तुटला तिच्यासाठी.

आता हिरोला उत्तर पाहिजे होतं. साहेब वळले. "वेंडेल, यावर तू काय म्हणालास?"

"काही नाही, साहेब."

"मग आता म्हण. ये पुढे."

वेंडेल पुढे आला. हिरोचा कोट हिरोनं नेला होता, त्यामुळे अंगात नुसता गंजीफ्रॉक. एरवी तासन्‌तास उजेडात उभा राहणारा माणूस, पण आता हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"इथं ती बघते," तो अखेर म्हणाला, "तेव्हा मी त्याच्या कोटात असतो. केस त्याचे, उजेड त्याचा. घरी कोट काढला की मीच उरायचो. दिवसभर त्याला बघून आलेल्या बाईनं मला बघितलं असतं तर... तिचं तोंड पडलेलं मला बघायचं नव्हतं, साहेब. म्हणून रेडिओ."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "हे नको," ते हळूच म्हणाले. "लोक हसायचे थांबतील." मग रेडिओ निदान बायकोच्या माहेरची गाऱ्हाणी सांगत नाही, असलं काहीतरी उत्तर हिरोला दिलं, आणि काम पुढे सरकलं. वेंडेलचं बोलणं संपेपर्यंत ऑपल खांबाला धरून ऐकत होती; आता मी तिकडे पाहिलं, तर ती तिथं नव्हती.

शनिवारी ठरल्याप्रमाणे मी मोटार घेऊन तिच्या खोलीवर गेलो. ती नवी टोपी घालून पायऱ्यांवर बसली होती, बॅग शेजारी. खालच्या पायरीवर वेंडेल, कोपरावर विरलेला तपकिरी कोट, दाढीचे खुंट वाढलेले. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो पायाखालच्या मुंग्यांकडे.

"ऑपल," मी म्हटलं, "कोर्ट शनिवारी दुपारी बंद होतं."

"सोमवारी उघडतं ना?"

"आणि ओमाहाची गाडी?"

"ती रोज जाते. रोस्को, आज गप बस."

वेंडेलचे कान लाल झाले. "काय एवढं बघतेस?" तो म्हणाला.

"बघू दे. वर बघ."

त्यानं मान वर केली. सकाळचं कडक ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं. असा उजेड आम्ही वैऱ्यावरही टाकत नाही. सुरकुती न्‌ सुरकुती दिसते, डोळ्यांखालचा काळेपणा दिसतो. तो जरा सावलीत सरकू लागला, तर ऑपलनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला तिथंच बसवून ठेवलं.