सोळाव्या मजल्यावरचे शशिकांतकाका

"लिफ्ट आहे ना आमच्याकडे. एक नाही, दोन," शशिकांत देवपुजारी म्हणाले, आणि इतकं गुळगुळीत खोटं आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पलंगाशी उभा असलेला फिजिओथेरपिस्ट प्रणव टॅब्लेटवर लिहीत होता. पोरगा नागपूरचा, वर्षभरापूर्वीच इंग्लंडात लीड्सला आलेला. "म्हणजे घरात जिना नाही, काका?"

"एक पायरी नाही. वीव्हर पॉइंट. सोळावा मजला."

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडण्याआधी हॉस्पिटल हा प्रश्न विचारतंच. जिना असेल तर चढून-उतरून दाखवा. नाही जमलं तर सोबतीला कोण आहे ते सांगा. शशिकांतरावांच्या सोबतीला म्हणजे एकुलती एक लेक, स्वराली; इंग्लंडातच वाढलेली, मराठी थोडं मोडकंतोडकं. ती दूर लंडनजवळ मेडनहेडला राहायची, आणि तिथल्या तळमजल्यावरच्या खोलीत तिनं त्यांच्यासाठी पलंग, टीव्ही, हाताला धरायच्या दांड्या, सगळं बसवून ठेवलं होतं. "थोडे दिवस," ती म्हणायची. पण थोड्या दिवसांसाठी दांड्या भिंतीत ठोकत नाहीत, एवढं कळण्याइतकं आयुष्य त्यांनी काढलं होतं. एकदा मेडनहेडला गेलो की लीड्स संपलं.

आणि त्यांचं खरं घर लीड्समधल्याच बीस्टनच्या टेकडीवर, विटांच्या घरांच्या रांगेतलं. जिना शिडीसारखा उभा, कठडा एकाच बाजूला. सगळ्यात वर माळ्याची खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीत सगळं शहर. ती खिडकी म्हणजे शशिकांतरावांचा प्राण.

माणसाला कशाचं वेड लागेल, सांगता येत नाही. हा गृहस्थ नोकरीभर हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत बसला. डोक्यावर ट्यूबलाइट, खिडकी नाही. मग एकदा सुट्टीत बहिणीकडे अमेरिकेला गेला. बहीण राहायची मिलवॉकीला. मेहुण्यांनी हौसेनं न्यूयॉर्कला नेतो म्हटलं, तर हे म्हणाले, "नको. मला क्लीव्हलंड दाखवा. सेंट लुईस दाखवा." मेहुण्यांना वाटलं, शालकाला प्रवासाचा शीण झाला.

"अहो, न्यूयॉर्क म्हणजे बड्या घरची पोरगी," शशिकांतराव नंतर लोकांना समजावायचे. "तिच्याकडे कोणीही बघेल. ही मधली शहरं बघा. कारखाने गेले, माणसं गेली, भर बाजारपेठेत नुसते पार्किंगचे चौक उरले. आणि मग एक दिवस त्या चौकात क्रेन उभी राहते! ओस पडलेल्या बँकेच्या इमारतीत लोक राहायला येतात, खाली बेकरी निघते, वरच्या खिडक्यांत दिवे लागतात. पडलेलं शहर उठतं ना, ते बघण्यासारखं असतं."

आणि लीड्स त्याच गोत्राचं, असं त्यांचं ठाम मत. गिरण्या गेल्या, आता टॉवर उठतायत. दर रविवारी माळ्यावरून एक फोटो काढायचा आणि टॉवरवेड्यांच्या वेबसाइटवर टाकायचा: या आठवड्यात कोण किती वाढलं. खाली मिलवॉकीच्या एका निवृत्त पोस्टमनची दाद ठरलेली. पत्नी रेखाताई होत्या तेव्हा म्हणायच्या, "लोक कळसाला हात जोडतात. आमचे हे क्रेनला." त्या गेल्यावर फोटो रविवारचे रोजचे झाले.

पडले तेही त्यापायीच. धुकं हललं, पलीकडे कामगार क्रेन उतरवायला लागलेले दिसले, आणि कॅमेरा खाली स्वयंपाकघरात. सपाता घालून जिन्यावरून धावले, आणि पाय सुटला.

म्हणूनच वीव्हर पॉइंट तोंडात आलं. या नव्या टॉवरचे नकाशे मंजुरीसाठी कौन्सिलकडे गेले तेव्हापासून ती इमारत त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. लिफ्ट कुठे, कचऱ्याची खोली कुठे, सगळं पाठ. फक्त आत पाऊल टाकलं नव्हतं.

प्रणवनं मान वर केली. चेहरा उजळला होता.

"वीव्हर पॉइंट? काय सांगता काका! मी अकराव्यावर राहतो."

 हातातला चहा शशिकांतरावांनी टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. आता गप्प बसावं. डोळे मिटावेत, दुखतंय म्हणावं. एवढंच करायचं होतं.

पण समोर वीव्हर पॉइंटमध्ये राहणारा जिताजागता माणूस उभा होता.

"अकराव्यावर? कुठल्या बाजूला?"

"स्टेशनच्या."

"अरे वा! मग मला सांग, वारा सुटला की हलते का रे? म्हणजे आतून कळतं का?"

"हलत नाही, पण बाथरूमच्या पंख्यातून शिट्टी वाजते. अशी वाजते, की आईला फोनवर वाटलं मी कुकर लावला."

"शिट्टी!" शशिकांतराव कोपरावर उठून बसले. "हे कोणी लिहिलं नव्हतं. आणि सकाळचं ऊन? शेजारचा टॉवर आडवा येतो ना? येणारच. मी तेव्हाच म्हटलं होतं, थोडा फिरवायला हवा होता. आणि लिफ्टमध्ये कान दडतात का रे?"

प्रणवचं बोट टॅब्लेटवर थांबलं. त्यानं काकांकडे पाहिलं. मग हळूच पलंगाच्या कडेवर टेकला.

"काका."

"हं."

"तुम्ही सोळाव्या मजल्यावर राहून राहिले, आणि कान दडतात का हे मले विचारून राहिले?"

बाजूच्या पलंगावरचा म्हातारा खोकला. शशिकांतराव चादरीची घडी सारखी करत बसले. बरीच सारखी केली.

"काहून खोटं बोलले?"

"तू नागपूरचा आहेस," काका त्याची बोली उचलत म्हणाले. "सांभाळून घे ना बे."

"नागपूरचा आहे म्हणूनच तुम्हाले पडू देणार नाही. मी लिहिलं 'जिना नाही', तुम्ही घरी गेले, आणि तिसऱ्या दिवशी गडगडत खाली. मग? मी काय अकराव्या मजल्यावरून तुमच्या नावानं कुकर लावू?" त्यानं टॅब्लेटवरची ओळ पुसली. "चला. खरे जिने चढू."

जिमच्या खोलीत लाकडी पायऱ्या होत्या. चार चढायच्या, चार पलीकडे उतरायच्या. मधे एवढासा चौथरा. कुठंच न जाणारा जिना.

"चढताना चांगला पाय पुढे," प्रणव म्हणाला. "उतरताना दुखरा."

शशिकांतराव चढले. धापा टाकत, पण चढले. चौथऱ्यावर पोचून त्यांनी विजयी वीरासारखी मान फिरवली. "बघ. म्हातारा म्हणत होतास."

"मी कुठं म्हटलं? आता उतरा."

त्यांनी खाली पाहिलं. फूटभरसुद्धा नसेल पहिली पायरी. दुखरा पाय हवेत निघाला, आणि जागीच थिजला. बीस्टनचा जिना डोळ्यांसमोर आला, भिंत फिरली, हाड मोडल्याचा तो आवाज आला. त्यांनी दोन्ही दांडे घट्ट धरले. पाय मागे घेतला. परत पुढे केला. परत मागे.

"घाई नाही, काका."

"घाई नाही रे, पण..."

नेमकं तेव्हाच दार उघडलं. स्वराली. गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड, हातात कॉफी.

"बाबा, ट्रेनमधून उतरतानाच वॉर्डमधल्या नर्सचा मला फोन आला. त्या म्हणाल्या युअर डॅड सेज देअर इज अ लिफ्ट. कुठला लिफ्ट? आपल्या घरात लिफ्ट कधी आला?"

पळायला जागा नव्हती. पुढे चार पायऱ्या, मागे चार.

"खोटं बोललो," शशिकांतराव वरून म्हणाले.

"मला माहितीये खोटं! पण का? मी इतका छान खोली तयार केली. वीर रोज विचारतो, आजोबा कधी येणार. तुम्हाला आमच्याकडे इतकं वाईट वाटतं?"

"वाईट नाही गं. तुझ्याकडे सगळं आहे. पण मी तिथं काय करू? दिवसभर ठाण मांडून बसू? मला बसवत नाही, स्वराली. मी आयुष्यभर तळघरात बसलो. आता मला उठून खिडकीशी जायचं असतं. रोज. काहीतरी कालच्यापेक्षा वर गेलेलं बघायचं असतं."

"मग मला हे सांगायचं ना. जिन्याची भीती वाटते, ते पण सांगायचं. पडल्यापासून एकदा पण नाही बोललात."

"वाटते," ते म्हणाले. दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती. "आत्ता वाटतेय."

स्वरालीनं कॉफी जमिनीवर ठेवली आणि पायऱ्यांच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. हात पुढे केला नाही. नुसती उभी राहिली.

"एक मार्ग असतो," प्रणव म्हणाला. "घर बीस्टनचंच. पलंग खालच्या खोलीत आणायचा. खोलीत ठेवायचा कमोड देतात, सकाळ-संध्याकाळ मदतीला माणूस येतो. पण वर जायचं नाही, आमची टीम घरी येऊन हो म्हणेपर्यंत."

"खालच्या खोलीतून शेजाऱ्याचे कचऱ्याचे बिन्स दिसतात," शशिकांतराव म्हणाले.

"मग मेडनहेड," स्वराली म्हणाली. "चॉइस तुमचा."

त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा खालच्या पायरीकडे. प्रणवनं घड्याळ पाहिलं नाही, हे त्याचं चांगलं.

"बिन्स," ते शेवटी म्हणाले.

"पण माळ्याची किल्ली मी नेणार. आय मीन इट, बाबा. तुम्ही वर जाणारच, मला माहितीये."

शशिकांतरावांनी एक हात दांड्यावरून सोडून दाराकडे दाखवला. "वॉर्डातल्या लॉकरमध्ये आहे. पितळेची. दार ओढून घे, नाहीतर लागत नाही."

मग त्यांनी दुखरा पाय पुढे टाकला. कितीतरी वेळानं तो पायरीला टेकला.

आता त्यांचा पलंग खालच्या खोलीत आहे. सकाळी वॉकर घेऊन ते पुढच्या दारापर्यंत जातात, परत येतात, जिन्याच्या पायथ्याशी थांबतात, कठड्यावर हात ठेवतात, वर बघतात, परत येतात. मदतीला येणारी बाई म्हणते, तुमच्या मागे फिरून माझेच पाय दुखायला लागले.

मंगळवारी फोनवर फोटो आला. अकराव्या मजल्यावरून, प्रणवनं पाठवलेला. दूर टेकडी, विटांच्या रांगा, मधे शहर. शशिकांतरावांनी चष्मा शोधला, फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग फोन लावला.

"अरे, क्रेन अर्धी कापली तू!"

"काका, वॉर्डात आहे मी. पेशंट उभा आहे समोर."

"त्याला बसव. मला सांग, स्टेशनमागची ती नवीन इमारत, तिचा काँक्रीटचा गाभा किती मजले वर आलाय?"

"मोजले नाही ना, काका."

"मग ड्यूटीवरून सुटतोस कधी?"